मधल्या डब्याचा दिवा

आमच्या घरात वायफायचे तीन डबे आहेत. एक समोर सपरीत, म्हणजे ओसरीवर, एक मधल्या खोलीत आणि एक मागे, परसातल्या वाडीकडच्या खोलीत. घरात माणसं दोनच, मी आणि माझी बायको. आम्हाला एक डबासुद्धा जास्तच आहे. तरी मागचे दोन मी बंद केलेले नाहीत. सकाळी उठलो की दात घासायच्या आधी तिन्हींचे दिवे पाहून येतो. तिन्ही निळे असतात.

हे लिहायला बसलो ते मधल्या डब्यामुळे. त्याच्याविषयी आमच्या घरात आणि नात्यागोत्यात जे बोललं गेलं, ते खरं नाही. लोक म्हणतात, मुलाने नागपुरातून हलका माल आणून बसवला, तो ऐन वेळेवर बिघडला आणि त्यापायी बहिणीच्या हातची नोकरी गेली. माझ्या बायकोने हे माझ्यादेखत कितीतरी जणांना सांगितलं, आणि दर वेळी मी खाली मान घालून सुपारी कातरत बसलो. माल हलका नव्हता. मुलाची काही चूक नव्हती. डबा बिघडलाही नव्हता. काय झालं ते बरेच दिवस मला एकट्याला माहीत होतं. माझं वय आता असं आहे की आणखी थांबलो तर ते घराबाहेर कोणालाच माहीत होणार नाही.

मी टेलिफोनचा लाइनमन होतो. अड्याळपासून पवनीपर्यंतच्या रस्त्यावर असा एक खांब नसेल ज्यावर मी चढलो नाही. आमच्या कामात एक रीत होती. लाइन बंद पडली की एक माणूस एक्स्चेंजमध्ये बसायचा आणि दुसरा खांबाखांबावर चढत जायचा. दोघं एकमेकांना दिसत नसत. वर चढलेला माणूस जोड उघडायचा, आपला हातातला फोन लावायचा आणि सांगायचा, "इथपर्यंत ठीक," नाहीतर "इथं मेली." याला आम्ही टेस्ट देणं म्हणत असू. त्या एका शब्दावर बसलेला माणूस पुढचं सगळं ठरवत असे. दारू पिणारे लाइनमन मी पाहिले, तांब्याची तार चोरणारे पाहिले, पण मेलेल्या लाइनला ठीक म्हणणारा एकही पाहिला नाही. मला काम शिकवणारे म्हातारे जमादार सांगायचे, "साहेबासंग खोटं बोल, बायकोसंग बोल, पन टेस्ट देतानी बोलू नोको. तुह्या एका खोट्यापायी दुसरा मानूस दिवसभर गलत खांबावर चढते." त्यांचं हे वाक्य मी पुढे नव्या पोरांना माझं म्हणून ऐकवलं.

पोरगी सासरहून आली ती होळी झाल्यावर, भर दुपारी, दोन पिशव्या घेऊन. करडीकडच्या एका गावात तिला दिली होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. जावई हात उचलतो, हे मला तिने सांगितलं नाही. तिच्या आईने सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न पाहता. मी विचारलं, "किती दिवसांपासून?" ती म्हणाली, "पयल्या वर्षापासून." मग तिने भाजीचं टोपलं उचललं आणि आत गेली. पोरीने मागची खोली झाडून घेतली, तिथे खाट टाकली आणि राहू लागली. कोणी काही विचारलं नाही.

चैत्रात आमचे इवाई, म्हणजे पोरीचे सासरे, गावातले दोघं जण सोबत घेऊन आले. सपरीत बसले. चहा झाला, धानाची गोष्ट झाली, मग ते म्हणाले, "इवाई, सून माहेरी आनखी किती दिवस ठेवता? लोक आमाले इचारून राहिले."

मी म्हणालो, "तब्येत बरी नाई तिची."

"तब्येत आमच्याकडं बी दाखवता येते. का दवाखाने फक्त तुमच्याच तालुक्यात काढले सरकारनं?"

सोबतचे दोघं हसले. मीही हसलो. सपरीच्या समोरून रस्ता जातो. जाणारे-येणारे वळून पाहत होते. मला तो प्रसंग कसाही करून संपवायचा होता. मी म्हणालो, "धान घरी आले का मी सोता आनून देतो तिले."

"शब्द?"

"शब्द."

ते गेले. कप-बश्या अजून उचलायच्या होत्या, तेवढ्यात पोरगी बाहेर आली. दाराआडून तिने सगळं ऐकलं होतं.

"बाबा, मले इचारलं असतं तं."

"चार लोकांत असं बोलावं लागते, बाई."

"अन् मले नोकरी लागली तं?"

"नोकरी लागली तं नोको जाऊ. कोन धाडते तुले?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "पक्कं?"

"पक्कं."

एकाच दुपारी, एकाच खुर्चीवर बसून मी दोन माणसांना दोन शब्द दिले. दोन्ही पाळता येणार नव्हते. तेव्हा वाटलं, धान यायला खूप वेळ आहे.

पोरगी बी.कॉम. होती. लग्नाआधी पवनीला कंप्यूटरचा कोर्स केला होता. उन्हाळाभर ती अर्ज करत होती, आणि दूरच्या एका कंपनीने तिला तयारी करायला सांगितलं. काम घरी बसून करायचं होतं. लोकांचे फोन येतात, त्यांच्या तक्रारी ऐकायच्या आणि कंप्यूटरवर लिहून घ्यायच्या. अटी अशा की खोली बंद पाहिजे, मागे आवाज नको, कॅमेरा सुरू पाहिजे आणि लाइन तुटायला नको. आमच्या गावात मोबाइलची रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर येते. बाहेरून येणारी वायफायची लाइन सपरीत होती, आणि सपरी म्हणजे गावाचं बसायचं ठिकाण. दार असलेली शांत खोली एकच, ती मागची. समोरून मागे जायला मधे तीन मातीच्या भिंती, एकेक हातभर जाड. सपरीतल्या डब्याची रेंज दुसऱ्या भिंतीपाशीच मरायची.

मे महिन्यात मुलगा नागपूरहून आला, तीन डबे घेऊन. मी त्याच्या आधीच पवनीच्या बाजारातून वायरचं एक भेंडोळं आणून ठेवलं होतं. समोरून मागपर्यंत पुरून उरेल इतकं. मी म्हणालो, "छपराच्या आड्यावरून वायर नेऊ. एका घंट्याचं काम हाये."

मुलगा हसला. "बाबा, आता घरात खांब गाडता का?"

पोरगी हसली, तिची आईही हसली. मी म्हणालो, "खांब नाई लागत. चार खिळे लागतात."

"हे तिन्ही डबे आपसात बोलतात, बाबा. हवेतून. वायरचा जमाना गेला आता."

"बोलू दे ना. बोलता बोलता चूप झाले तं?"

"तं तुमी हाये ना घरात. लाइनमन."

तो गमतीने म्हणाला होता. मीही हसलो. पण ते भेंडोळं मी नेऊन गुरांच्या कोठ्यात खुंटीला अडकवलं आणि मनात ठरवलं, आता याला हात लावणार नाही.

मुलाने मला सगळं नीट समजावून सांगितलं होतं, हे इथे लिहिणं भाग आहे. समोरच्या डब्यात बाहेरची लाइन येते. तिथून मधला घेतो आणि मागच्याला देतो. मधला निळा असेल तर सगळं ठीक. तो लाल झाला तर समजायचं की समोरच्याशी त्याचा संबंध तुटला. "अन् मंग मागं गंमत होते," तो म्हणाला. "मागचा सोता निळाच दिसन. मोबाइलमधी दांड्या पुऱ्या दिसतील. पन आत काहीच येनार नाई. म्हनून काही झालं तं पयले मधला पाहाजा." हातात मोबाइल धरून तो घरभर फिरला आणि जागा शोधून मधला डबा त्या खोलीतल्या फळीवर बसवला, ढोलीच्या मागच्या बाजूला. ढोली म्हणजे बांबूच्या कमच्यांची विणलेली, शेणमातीने लिंपलेली, डोक्याइतकी उंच कणगी. मे महिन्यात ती रिकामी असते. तिच्यातून आवाज आरपार जावा, तशी रेंज मागे पोहोचली. ही कार्तिकात भरेल, असा विचार चौघांपैकी एकाच्याही मनात आला नाही. माझ्या तरी यायला हवा होता. तारेवर ओली फांदी टेकली की लाइन कशी खरखरते, हे मला आयुष्यभर पाठ होतं.

पावसाळाभर मागची खोली चांगली चालली. पोरगी दार लावून तोंडपाठ करायची, "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" तिची आई म्हणायची, "पुन्याची झाली व ही." एकदा मी कोठ्यातून ओरडलो, "बाई, माह्या म्हशीनं आज दूध नाई देल्लं, तक्रार लिहून घ्या." आतून लगेच उत्तर आलं, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. म्हशीला फोन द्या." तिची आई हातातलं सूप ठेवून हसत बसली. त्या खोलीतून हसणं ऐकू आलं ते त्याच दिवसांत.

दिवाळीनंतर कंपनीचं पत्र आलं. पंधरा दिवस काम करून दाखवायचं होतं, जमलं तर नेमणूक. आणि त्याच आठवड्यात धान घरी आले. खरेदी केंद्र उघडायला वेळ होता, म्हणून मी दोन मजुरांना घेऊन मधल्या खोलीत थप्पी मारली. आधी ढोली तोंडापर्यंत भरली, मग तिच्या दोन्ही बाजूंनी पोती रचली, आड्यापर्यंत. डब्याची फळी मागे दबून गेली. त्या वर्षी धान ओलसर होते. पोत्याला हात लावला तर गरम लागायचं. आणि त्याच आठवड्यात इवायांचा निरोप आला. फक्त एवढाच: "धान झाले म्हनते, इवाई?"

पहिला दिवस कसाबसा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीतून पोरीने हाक मारली. कामाच्या वेळी खुर्चीवरून उठायची तिला परवानगी नव्हती, म्हणून दाराकडे तोंड करून ती ओरडली, "बाबा! सारखी तुटून राहिली. मधला दिवा पाहा ना! निळा हाये का लाल?"

मी मधल्या खोलीत गेलो. ढोली आणि थप्पी यांच्यामधून आडवा होऊन शिरलो. पोत्यांच्या फटीतून डबा दिसत होता. दिवा लाल होता. माझा तळहात पोत्यावर टेकला होता, आणि पोतं ओलं, उबदार होतं. सगळं तिथल्या तिथे कळलं, ओल्या धानाने रेंज अडवली होती. पंधरा-वीस पोती हलवली की झालं. नाहीतर कोठ्यातलं भेंडोळं काढायचं, चार खिळे, एक घंटा.

तिथे उभा असताना माझ्या मनात काय काय आलं, ते आठवून लिहितो आहे. इवायांचा निरोप आला. सपरीत बसणाऱ्या एकाने मागच्या आठवड्यात विचारलं होतं, "पोरगी दिवसभर आत कोनासंग बोलते जी?" तो प्रश्न आला. वायरचा जमाना गेला, हे मुलाचं वाक्य आलं. आता कळू दे त्याला, असंही वाटलं, आणि ते वाटून बरं वाटलं. तिचं माहेरी राहणं, त्यावर पुढे वर्षानुवर्षं द्यावी लागणारी उत्तरं, हेही होतंच. यातलं कोणतं कारण मोठं, हे मी बरेच दिवस निवडत बसलो होतो. आता सोडून दिलं आहे.

मी ओरडून सांगितलं, "निळा हाये."

दुपारच्या सुट्टीत ती पाळीवर गेली आणि भावाला फोन लावला. त्याने विचारलं, "मधला पाहिला?" ती म्हणाली, "बाबानं पाहिला. निळा हाये." तो म्हणाला, "मंग मागचाच खराब हाये." त्याने तिकडून जे सांगितलं ते तिने मागच्या डब्यात करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने मलाही फोन केला. मी पाळीवर गेलो होतो तेव्हाच तो लागला, तिथेच उभा राहून बोललो. "बाबा, मधला नक्की निळा हाये ना?" मी म्हणालो, "आंधळा झालो का मी?" त्याने नवा डबा घेऊन नागपूरहून येणाऱ्या गाडीत ठेवून दिला. तो घ्यायला अड्याळच्या फाट्यावर मीच गेलो. सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणला. तो लावला. काही फरक पडला नाही. पडणार नाही हे मला आणतानाच माहीत होतं.

चार दिवसांत तिने मला सहा वेळा विचारलं. सहा वेळा मी आत जाऊन पाहून आलो आणि सांगितलं. न पाहताही सांगू शकलो असतो, पण मी दर वेळी जाऊन पाहत होतो. का, ते मला सांगता येत नाही.

तिने स्वतः का पाहिलं नाही, असं कोणी म्हणेल. घरात लाइनमन असताना तिने कशाला पाहावं? टेलिफोनची लाइन कुठे तुटली हे तिचा बाप खांबाला कान लावून सांगतो, असं ती लहानपणी शाळेत सांगून आली होती.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, दहा-अकरा दिवस मी सपरीत बसू का? पडदा लावून घेते."

मी म्हणालो, "तिथं लोक येतात-जातात. बरं दिसते का ते?"

"मंग लोकाईले दहा दिवस नोको येऊ म्हना ना."

"कसं म्हनू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लॅपटॉप पिशवीत घातला आणि म्हणाली, "पाळीवर जाते. तिथं मोबाइलवरून चालन." मी तिच्यासाठी खुर्ची उचलली आणि मागे मागे गेलो. मोहाच्या झाडाखाली खुर्ची मांडली. तिने ओढणी झाडाला आणि एका काठीला बांधून मागे आडोसा केला, म्हणजे कॅमेऱ्यात भिंत असल्यासारखं दिसावं. कानाला यंत्र लावलं. लाइन आली. ती सरळ बसली आणि म्हणाली, "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

पाऊण घंटा चांगला गेला. मी थोडा दूर दगडावर बसलो होतो. घाटावर बाया कपडे धूत होत्या, त्यांना मी हाताने हळू करा म्हणून खुणावलं. त्याच दिवशी ढिवरांनी तलावात जाळं घातलं होतं. चार-पाच जण कमरेइतक्या पाण्यात दोर ओढत आमच्याच बाजूला येत होते. "ओढ बे! झोपला का?" असा आवाज झाला. तिच्या वरचे साहेब ऐकत होते, त्यांनी विचारलं, मागे आवाज कशाचा. ती म्हणाली, "सर, घराचं काम सुरू आहे." तेवढ्यात जाळ्यातला एक जण पाळीवर चढला, तिला पाहून थांबला आणि हसत म्हणाला, "काहो बाई, कोनासंग बोलून राहिल्या? साहेबाले इचारा, ताजे झिंगे पाहिजे का!" घाटावरच्या बाया खदखदून हसल्या. त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला काय माहीत?

साहेबांनी तिला कॅमेरा फिरवायला सांगितला. तिने फिरवला. तलाव, जाळं, कपडे, आणि मग दगडावर बसलेला मी. पलीकडचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. ती "हो सर, हो सर" म्हणत होती. शेवटी "थँक यू सर" म्हणाली आणि लॅपटॉपचं झाकण लावलं.

ओढणी सोडता सोडता ती म्हणाली, "आवाज चांगला हाये म्हने माहा."

खरं बोलायची ती वेळ होती. कोठ्यात वायर होती. तिने त्यांना पुन्हा फोन केला असता, एक दिवस मागितला असता, त्यांनी कदाचित दिलाही असता. मी खुर्ची उचलली आणि तिच्या मागून घरी आलो.

इवाई आठ दिवसांनी येणार होते. ती म्हणाली, "तेईले कायले येऊ देता? तुमी शब्द देल्ला ना, तुमीच नेऊन द्या." तिनेच पिशव्या भरल्या, त्याच दोन. मी तिला गाडीने घेऊन गेलो. गाडीत ती खिडकीशी बसली होती. उतरायच्या आधी म्हणाली, "दादाले कोनी काही म्हनू नका. तेनं जेवढं होते तेवढं केलं." सासरच्या अंगणात इवायांनी माझं चांगलं स्वागत केलं. पाटावर बसवून पोहे दिले. "शब्दाचे पक्के मानूस," असं ते सोबतच्या लोकांना माझ्याविषयी म्हणाले. ते पोहे मी सगळे खाल्ले.

तिच्या आईने मात्र मुलाला म्हटलंच. फोनवर म्हटलं, त्याच्या तोंडावर म्हटलं, "बहिनीच्या जिवाचं काम होतं अन् तू सस्ता माल आनला." तो पहिल्यांदा भांडला, मग गप्प झाला. त्याने स्वतःच मान्य करून टाकलं की काहीतरी त्याचंच चुकलं असेल. पोळ्याला आला नाही, दिवाळीला आला नाही. बहिणीला फोन लावत नव्हता, काय तोंडाने लावू म्हणायचा. गलत खांबावर तो असा चढून बसला होता.

ती गेल्यानंतर महिन्याभराने खरेदी केंद्र उघडलं. पोती गेली. त्या सकाळी मी पाहिलं तर मधला दिवा निळा होता. कोणी काही केलं नव्हतं. बायको मागच्या खोलीत मोबाइल घेऊन गेली आणि तिथून म्हणाली, "पाहा जी, आता कशी भराभर चालते मेली!" आणि मुलाला पुन्हा दोन शब्द बोलली.

यंदा धान कापायच्या आधी मी सांगून टाकायचं ठरवलं. आधी मुलाला सांगितलं, पाळीवर जाऊन. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी तुमाले सोता इचारलं होतं, बाबा."

"हो."

"मी डब्याच्या कंपनीवाल्याईसंग भांडलो त्यापायी."

"हो."

"ठेवतो," तो म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही.

बायकोला घरात सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती. तिने पाखडणं संपवलं, सूप भिंतीला टेकवलं आणि वाडीत निघून गेली. तेव्हापासून ती माझं ताट वाढते, औषध समोर ठेवते, आणि बोलत नाही. शेजारच्या बाईशी बोलते, म्हशीशी बोलते.

पोरीचा फोन आठ-पंधरा दिवसांतून येतो. व्हिडिओ ती लावत नाही. मागे टीव्ही मोठ्याने सुरू असतो आणि तिचं बोलणं हो, नाही, बरं एवढंच असतं. मी म्हणालो, "बाई, तो मधला दिवा लाल होता. नोकरीच्या टायमाले. मी निळा हाये म्हनून खोटं सांगतलं."

टीव्हीचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "आता येते का रेंज? मागं?"

"येते."

"पुरी?"

"पुरी येते. तू ये बाई. मी येतो तुले घ्याले. वायर टाकतो, पक्की."

"आता कायले, बाबा," ती म्हणाली. रागाने नाही. थकलेला माणूस हातानेच नको म्हणतो, तसं. मग म्हणाली, "त्या खोलीत मिरच्या नोका ठेवत जाऊ. ओल लागते तिथं." आणि कोणीतरी तिला हाक मारली, आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी कोठ्यात जाऊन भेंडोळं काढलं. एका टोकाला उंदरांनी कुरतडलं होतं, तेवढं हातभर कापून टाकलं आणि पवनीहून नवी टोकं आणून बसवली. स्टूल धरायला कोणी नव्हतं. हात थरथरतात आता, खिळा वाकडा जातो, म्हणून एका घंट्याचं काम दोन दिवस चाललं. सपरीतून आड्यावरून मधल्या खोलीत, तिथून मागे. मग धान आले. यंदाही तिथेच थप्पी मारली, आड्यापर्यंत. ढोली भरली. आडवा होऊन शिरलो आणि पाहिलं. दिवा निळा होता.

मागच्या खोलीत गेलो. तिची खाट उभी करून ठेवलेली आहे. मोबाइल लावून पाहिला, सगळं भराभर उघडत होतं. बायको समोर सपरीत बसली होती, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी ओरडलो, "इथपर्यंत ठीक!"

थोडा वेळ थांबलो. समोरून काही आवाज आला नाही. मग मोबाइल खिशात टाकला आणि दार ओढून घेतलं.